स्विंग लिहिताना ४/४ की १२/८? आणि सहाच्या चालीचं काय करायचं?

पियानोवाली, पुणे

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण पार अडकलेय म्हणून सगळंच सांगते.

पुण्यात आमचा सात जणांचा ग्रुप आहे. ट्रंपेट, आल्टो आणि टेनर सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, बास, ड्रम्स आणि पियानोवर मी. आजवर आम्ही विकतचे चार्ट, म्हणजे लिहिलेलं नोटेशन, वाजवत आलो. यंदा पहिल्यांदाच माझ्या स्वतःच्या दोन चाली मी ग्रुपसाठी लिहून काढल्या. पहिली मध्यम लयीची स्विंग (मात्रेतला पहिला सूर लांब, दुसरा आखूड, असा झोका), लय मिनिटाला १३८ मात्रा, ३२ बारांची (बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधलं एक आवर्तन): पहिला भाग दोनदा, मग मधला, मग पुन्हा पहिला. माझे बाबा तबला वाजवायचे, मी शाळेत असताना हार्मोनियम शिकले. त्यामुळे चाल सुचते ती ठेक्यासकट सुचते, पण ती कागदावर उतरवायचं वळण मला अजून नाही.

मी काय केलं, तर पियानोवर वाजवून रेकॉर्ड केलं आणि लय निम्मी करून ऐकलं. प्रत्येक मात्रेचे सरळ तीन तुकडे ऐकू आले. पहिला सूर दोन तुकड्यांचा, दुसरा एका तुकड्याचा. मग वाटलं, हे तर १२/८ आहे, म्हणजे बारात चार मात्रा आणि प्रत्येकीचे तीन तुकडे; ४/४ म्हणजे नुसत्या चार मात्रा. तसंच लिहिलं.

रविवारी तालमीला चार्ट वाटले. चौथ्या बारला ट्रंपेट थांबला आणि म्हणाला, "मी बारा मोजू की चार?" टेनरने नेटाने वाचलं, एकही सूर चुकला नाही, पण ऐकायला स्विंग वाटेना. सगळं टुणूक टुणूक उड्या मारत चाललेलं. ट्रंपेटचा पार्ट चार पानांचा झाला होता आणि दुसरं पान नेमकं त्याच्या सोलोच्या तोंडावर उलटायचं. दोन तास गेले, चाल एकदाही शेवटपर्यंत गेली नाही. घरी येताना फार वाईट वाटलं, कारण चाल चांगली आहे हे मला माहीत आहे.

त्याच चालीत एक जागा आहे. चारही ब्रास-रीड मिळून तीन-तीन सुरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतात. तिथे मी टाइम सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीचा ४/४ सारखा आकडा) बदलून ३/८ चे पाच बार घातले आणि शेवटी एक सूर उरला म्हणून १/८ चा एक बार. ते बरोबर आहे का?

दुसरी चाल सहाची आहे. ती मी ३/४ मध्ये लिहिलीय, बासवाला म्हणतो ६/८ कर, आणि नेटवर एका ठिकाणी ६/४ दिसलं. टाइम सिग्नेचर ठरवतात तरी कशावरून?

राइड सिंबल, ठाणे

ड्रमच्या मागे बसणाऱ्याकडून थोडक्यात.

१२/८ दिसलं की माझा हात आपोआप संथ ब्लूजचा ठेका धरतो, म्हणजे राइडवर (मोठ्या झांजेवर) मात्रेचे तिन्ही तुकडे. तुमच्या १३८ च्या चालीत मी तसं वाजवणार नाही. मी वाजवणार "टिंग, टिंग-ट-टिंग", हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) दोन आणि चारवर. तीन तुकड्यांतला मधला मी जवळजवळ कधीच वाजवत नाही. तो फक्त मनात असतो. म्हणजे तुमच्या कागदावर जे आहे आणि माझ्या हातात जे येतं त्यात पहिल्याच बारला फारकत झाली.

एक विनंतीही आहे. ड्रमच्या पार्टमध्ये राइडचा एकेक ठोका लिहू नका. तिरक्या रेघा द्या, ब्रास जिथे ठोके देतात तिथे त्यांची लय वर बारीक लिहा, आणि पानाच्या डोक्यावर "मीडियम स्विंग, १३८". एवढ्यावर मी नीट वाजवतो.

वसईचा ट्रंपेट

ताई, तुमचा कान बरोबर आहे. तीन तुकडे ऐकू आले ते खरेच. फक्त ते कागदावर मांडायची ही जागा नव्हे.

मी वसईचा. चर्चच्या बँडमध्ये ट्रंपेट शिकलो, पुढे मुंबईला हॉटेलच्या बँडमध्ये लागलो आणि बरीच वर्षं कॉपी करायचं काम केलं. म्हणजे अरेंजरच्या स्कोअरवरून प्रत्येक वादकाचा पार्ट हाताने उतरवून द्यायचा. बोरूसारख्या तिरक्या निबाचं पेन, काळी शाई, आणि संध्याकाळी वाजवायचं ते दुपारी तयार हवं. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते सर गोव्याचे. गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणीच सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) घोटलेले, समोर कुठलाही कागद ठेवा, गाऊन दाखवायचे.

मी स्वतः पहिली अरेंजमेंट केली तेव्हा तुमच्यासारखाच कानाला जागून लिहायला गेलो. १२/८ नाही, पण प्रत्येक जोडीत डॉटेड क्वेव्हर आणि सेमीक्वेव्हर घातला. जुन्या छापील गाण्यांत स्विंग तसाच लिहिलेला असायचा, तो पाहून मी लिहिलं. (मी क्रॉचेट-क्वेव्हर म्हणतो, तुम्ही क्वार्टर-एट्थ म्हणत असाल. तेच ते. ४/४ मध्ये क्रॉचेट एक मात्रा, क्वेव्हर अर्धी, सेमीक्वेव्हर पाव; डॉटेड म्हणजे ठिपका दिलेला, दीडपट.) बँडने अगदी कागदाप्रमाणे वाजवलं. टॅक्-ट, टॅक्-ट, परेडला निघाल्यासारखं. सरांनी माझ्या हातातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. म्हणाले, "चाल गुणगुण आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत जा." मी गेलो. "एका बारात पावलं किती पडली?" चार. "मग चार लिही. बाकीचं काम वाजवणाऱ्याचं."

आजही मी हेच करतो. सत्तरी ओलांडली, तरी नवीन चाल लिहायची तर आधी घरातल्या घरात एक फेरी मारतो. बासवाला ज्या चालीने चालेल ती पावलं म्हणजे तुमच्या सिग्नेचरमधला वरचा आकडा. एका पावलाला कुठला सूर द्यायचा, तो खालचा. पावलाच्या आत सूर कसे वाटले जातात ती वेगळी गोष्ट आहे, आणि ती एका शब्दात सांगता येते: "स्विंग".

आता हे शब्दातच का सांगायचं, १२/८ मध्ये का नाही, ते सांगतो. स्विंगमधला लांब सूर आखूड सुराच्या बरोब्बर दुप्पट असतो असं नाही. संथ लयीत तो तिपटीच्या आसपास जातो, मध्यम लयीत दुपटीच्या जवळ असतो, आणि २५० च्या पुढे गेलात की दोन्ही जवळजवळ सारखेच होतात. शिवाय सोलो वाजवणारा ड्रमरपेक्षा थोडा सरळच वाजवतो, त्या दोघांच्या ओढाताणीत तर मजा आहे. १२/८ लिहिलंत की तुम्ही सगळ्यांना दुपटीला खिळा ठोकून बसवता. तुमच्या टेनरने तुमचा मान ठेवून तेच केलं, म्हणून ते टुणूक टुणूक झालं.

आणि वाचायला किती जड जातं ते एकाच बारात बघा. पहिल्या मात्रेवर एक ठोका, दुसऱ्या मात्रेच्या उत्तरार्धात दुसरा, पुढे शांतता. दहापैकी नऊ चार्टमध्ये ही जागा सापडते, चार्ल्सटन म्हणतात तिला. ४/४ मध्ये ती अशी दिसते: डॉटेड क्रॉचेट, क्वेव्हर, मग अर्ध्या बाराची विश्रांती. तीन खुणा. डोळा पडल्या क्षणी ओळख पटते, मोजावं लागत नाही. तोच बार १२/८ मध्ये लिहा. पहिली मात्रा डॉटेड क्रॉचेट, तिला टाय करून (दोन सूर जोडणारी कमान काढून) दुसऱ्या मात्रेतला साधा क्रॉचेट, मग क्वेव्हर, मग दोन डॉटेड विश्रांत्या किंवा एक लांब डॉटेड. खुणा वाढल्या, टाय आला, जिथे तिथे ठिपके आले. ३२ बार असंच चाललं तर ट्रंपेटवाला थांबणारच. त्याने आयुष्यभर हजार वेळा वाजवलेली जागा तुम्ही त्याला अनोळखी करून दिलीत. चार पानंही त्यातूनच झाली.

४/४ मध्ये लिहिताना एक पथ्य मात्र कडक पाळा. बाराचा मध्य दिसला पाहिजे. तिसरी मात्रा कुठे सुरू होते ते वाचणाऱ्याला शोधावं लागता कामा नये. त्यासाठी कधी एक लांब सूर तोडून दोन सूर टायने जोडावे लागले तरी जोडा. तेवढा टाय उपकाराचा असतो.

१२/८ कधी वापरायचं? ठाण्याच्या भाऊंनी सांगितलंच. लय ६० च्या आसपास, संथ ब्लूज, ड्रमर तिन्ही तुकडे वाजवतोय, पियानो तिन्ही तुकड्यांवर कॉर्ड देतोय, गाणारा त्याच्याही अधल्यामधल्या जागा घेतोय. तिथे ४/४ लिहिलंत तर प्रत्येक मात्रेवर ३ चा कंस काढावा लागेल आणि पान कंसांनी भरून जाईल. तिथे १२/८ बिनधास्त लिहा. वरचा आकडा बारा असला तरी पावलं तिथेही चारच पडतात, पण तिथे तुकडे सगळे मिळून मोठ्याने वाजवतात. मनातले तुकडे शब्दात लिहायचे, हाताने वाजवलेले तुकडे आकड्यात.

आता ते ३/८ चे पाच बार. ताई, तुमचे बाबा तबला वाजवायचे म्हणता. तिहाई घेताना ते ताल बदलत होते का? तीनताल तीनतालच राहतो, हाताखालचा ठेका हलत नाही, बोल त्याला ओलांडून जातात आणि समेवर येऊन पडतात. ऐकणाऱ्याला गंमत वाटते ती ठेका जागेवर आहे म्हणून. तुमची जागा तीच आहे. पाच गुणिले तीन पंधरा, अधिक एक, सोळा क्वेव्हर. म्हणजे ४/४ चे नेमके दोन बार! तेव्हा ४/४ मध्येच ठेवा, बारच्या रेघेवरून जाणारे सूर टायने जोडा, आणि तीन-तीनचे गट दिसावेत असं वाटलं तर प्रत्येक गटाच्या पहिल्या सुरावर आघाताची खूण करा. १९३९ चं ग्लेन मिलरचं 'इन द मूड' आठवा. तीन सुरांचा तुकडा चाराच्या अंगावरून फिरत राहतो, आणि कागदावर चारच असतात. तुम्ही ३/८ लिहिलंत की ड्रमर बिचारा दर तिसऱ्या क्वेव्हरला नवी सम धरणार, मग ओलांडून जायला खाली काही उरलंच नाही.

मेलडी मात्रेच्या अलीकडे उचलली जाते तिथेही हेच होतं. चौथ्या मात्रेच्या उत्तरार्धात सूर लागला आणि पुढच्या बारात लांबला, तर कच्चा लिहिणारा बारची रेघच अलीकडे ओढतो. मग एक बार ७/८ आणि पुढचा ९/८. मुखडा बाराव्या मात्रेपासून उठला म्हणून सम तिथे येत नाही. तसंच हे.

पियानोवाली, पुणे

काका, तिहाईचं वाचलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. बाबांचा हात डोळ्यांसमोर आला. पंधरा अधिक एक मी मोजलं होतं, पण ते दोन बार होतात हे मला दिसलंच नव्हतं, कारण मी बारच्या रेघा आधीच मोडून टाकल्या होत्या.

आज सकाळी घरात चालून बघितलं. पहिल्या चालीला चार पावलं, शंकाच नाही. दुसऱ्या चालीला मात्र गोंधळ होतो. कधी सहा पडतात, कधी दोन. ती मायनर ब्लूज आहे. कॉर्ड सहा मात्रा तोच राहतो. बासची एकच आकृती आहे, सहा मात्रांची, तीच फिरत राहते. ३/४ मध्ये लिहिल्यावर एक फेरा २४ बारांचा झाला आणि आल्टोवाला सोलोत दोनदा हरवला. तो म्हणाला, "ब्लूज आहे हे मला कळत होतं, पण मी बाराव्या बारला संपवायला गेलो."

वसईचा ट्रंपेट

तुमच्या आल्टोवाल्याने उत्तर देऊनच टाकलंय. ब्लूज म्हटला की वादकाच्या अंगात १२ बार भिनलेले असतात. पाचव्या बारला कॉर्ड हलणार, नवव्याला परतीची वाट लागणार. हे तो मोजत नाही, त्याला ते जाणवतं. तुम्ही २४ केले की त्याचं घर पडलं.

सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टरच्या 'फूटप्रिंट्स'बद्दल हीच चर्चा होत आलीय. १९६६ ची रचना, मायनर ब्लूज, बासची फिरती आकृती. अगदी तुमच्या चालीच्या घराण्यातली. कुणी ती ३/४ मध्ये २४ बार लिहितं, कुणी ६/४ मध्ये १२ बार. मी ६/४ वाला. १२ बारांचं रूप पानावर दिसतं, आणि बासची आकृती एका बारात पूर्ण मावते. एकाच बारात आकृती सुरू होऊन संपली की बासवाल्याला पुढे "तसंच चालू द्या" एवढं लिहिलं तरी पुरतं.

६/४ लिहिलंत तर एक काळजी घ्या. सहा क्रॉचेट एका रांगेत टाकले तर वाचणाऱ्याला ते ३+३ आहेत की २+२+२ हे कळत नाही. चौथ्या मात्रेवर बाराची कंबर दिसू द्या. मी तिथे वर-खाली तुटक रेघ काढतो. पहिल्या पानावर काढली की पुढे डोळ्याला सवय होते.

आता बासवाल्याचं ६/८. तो चुकीचं बोलतोय असं नाही, तो वेगळी चाल ऐकतोय. ३/४ मध्येही सहा क्वेव्हर, ६/८ मध्येही सहाच. पण ३/४ मध्ये पाऊल दोन-दोन क्वेव्हरवर पडतं, एका बारात तीनदा. ६/८ मध्ये तीन-तीनवर, दोनदा. दादरा म्हणून बघा: "धा धी ना, धा ती ना". टाळी "धा" वर आणि खाली दुसऱ्या "धा" वर, असे दोनच मोठे ठोके जाणवत असतील आणि आतले सहा सूर सारख्या अंतराने वाहत असतील, तर ते ६/८. पियानोवादक बिल इव्हान्सच्या चालींसारखा जॅझ वॉल्ट्झ असेल, क्वेव्हर स्विंग होत असतील, तर ते ३/४. ही सोपी कसोटी माझ्या फार उपयोगी पडलीय: क्वेव्हरला स्विंग करता येतंय का? ६/८ मध्ये क्वेव्हर म्हणजेच मात्रेचे तीन तुकडे, त्यांना स्विंग करायला जागाच उरत नाही.

ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा १९५९ चा 'ऑल ब्लूज' ६/८ मध्ये सांगितला जातो, तोही १२ बारच राहतो बघा. म्हणजे ६/८ काय आणि ६/४ काय, दोन्हींत १२ बारांचं रूप जपलं जातं. तुमचं पाऊल कधी सहा, कधी दोन पडतं म्हणता. मग बासची आकृती गाऊन बघा. तिच्या सहा मात्रांवर सहा वेगळी पावलं टाकता आली आणि त्यांच्या आतले सूर झोके घेत असतील, तर ६/४.

तबला ते ड्रम, न्यू जर्सी

काकांच्या म्हणण्याला दुजोरा, पण १२/८ बद्दल मला थोडं भांडायचं आहे.

मी मूळचा साताऱ्याचा, तबला शिकलो, इथे आल्यावर ड्रम सेट धरला. इथल्या एका हौशी बिग बँडमध्ये वाजवतो. १२/८ फक्त संथ ब्लूजला असं वाचून कुणी निघून जाऊ नये. अफ्रो-क्यूबन चालींत १२/८ वेगवान असतं आणि त्याला पर्याय नाही. तिथे घंटेची एक लय सतत चालते: २+२+१+२+२+२+१, बेरीज बारा. स्विंग नाही, क्वेव्हर सरळ. खाली पावलं चार. ही लय ४/४ च्या ट्रिपलेटमध्ये (३ च्या कंसातल्या तीन-तीन सुरांत) लिहून माझ्यासमोर आली होती, एका पानावर चाळीसेक कंस. मी पहिल्या वाचनाला तोंडावर पडलो. रात्री घरी बसून तोच पार्ट १२/८ मध्ये उतरवला आणि दुसऱ्या दिवशी न बघता वाजवला. तेव्हा काकांचं वाक्य मी थोडं वाढवून घेतो: तिन्ही तुकडे हातात असतील तर लय संथ असो वा जलद, १२/८.

दुसरं, वरचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. सात म्हणजे कुठले सात? रूपकात ३+२+२. पियानोवादक डेव्ह ब्रूबेकच्या १९६१ च्या 'अनस्क्वेअर डान्स'मध्येही सातच मात्रा, पण बास १, ३, ५ वर आणि टाळ्या २, ४, ६, ७ वर, म्हणजे २+२+३. दोन्हींवर ७/४ लिहिलं तर आकडा तोच दिसतो आणि चाल उलटी. रूपकाची सवय असलेल्या माझ्यासारख्याने तिथे पहिल्यांदा सपशेल उलटं वाजवलं. म्हणून सिग्नेचरच्या वर कंसात गट लिहून टाका. त्याच्याच ग्रुपचा 'टेक फाइव्ह' ५/४, पण त्याचं हृदय ३+२ मध्ये आहे. ब्रूबेकचाच १९५९ चा 'ब्लू रोन्डो आ ला तुर्क' ९/८ मध्ये आहे: तीन बार २+२+२+३ आणि चौथा ३+३+३. ही लय त्यांना १९५८ मध्ये इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून मिळाली, आणि त्याच दौऱ्यात ते भारतातही आले होते. चौथ्या बारात बेरीज तीच राहते, म्हणून सिग्नेचर बदलत नाही. बदलतात ते फक्त क्वेव्हरना जोडणारे वरचे दांडे. त्या दांड्यांत सगळं दिसतं. सॉफ्टवेअर ९/८ दिसलं की आपोआप ३+३+३ जोडतं, ते हाताने तोडून घ्यावं लागतं. तिथे आळस करू नका.

ट्रंपेटवादक डॉन एलिसने तर एका रचनेचं नावच "३३ २२२ १ २२२" ठेवलं. बेरीज करा, एकोणीस. १९६६ ला मॉन्टेरीच्या महोत्सवात त्याच्या बँडने ती वाजवली. त्याआधी लॉस एंजेलिसमध्ये तो सतारवादक हरिहर राव यांच्याकडे आपले ताल शिकला होता आणि दोघांनी मिळून एक हिंदुस्थानी जॅझ ग्रुपही काढला होता. नुसतं १९/४ वाचून कुणाला काही वाजवता आलं नसतं. नावातले आकडे वाचले की हात चालू लागतात. झपतालाचे १० आपण २+३+२+३ म्हणूनच पाठ करतो ना, तसं.

बोसा नोव्हाचंही लिहून ठेवतो, कारण तुम्ही पुढेमागे लिहालच. ब्राझीलमध्ये ते २/४ मध्ये लिहितात, सेमीक्वेव्हरमध्ये. अमेरिकन लीड शीटवर (नुसती चाल आणि कॉर्ड लिहिलेल्या पानावर) तेच ४/४ मध्ये, क्वेव्हरमध्ये दिसतं. चाल एकच. फक्त २/४ चा ७० चा आकडा ४/४ वर जसाच्या तसा उचलून ठेवलात तर गाणं निम्म्या लयीत झोपेल. तिथे क्रॉचेट १४०.

वसईचा ट्रंपेट

न्यू जर्सीकर, तुमची दुरुस्ती मान्य. मी हॉटेलच्या बँडचा माणूस, माझ्या डोळ्यांसमोर ब्लूजच आला. घंटेची लय असेल तर १२/८ च.

२/४ वरून आठवलं. स्कॉट जॉप्लिनचा १८९९ चा 'मेपल लीफ रॅग' २/४ मध्ये छापलेला आहे, सगळे सेमीक्वेव्हर. त्या काळी डावा हात बारात दोनच पावलं टाकायचा. पुढे स्विंगच्या काळात बास चारही मात्रा चालू लागला आणि कागदावर ४/४ आलं. कागद बासच्या पावलामागून आला. म्हणून अजूनही पुष्कळ चार्टमध्ये ४/४ तसंच ठेवून पहिल्या फेऱ्यावर "इन टू" आणि सोलोवर "इन फोर" लिहितात. बास आधी एक आणि तीनवर, मग चारही मात्रा. ताई, तुमच्या पहिल्या चालीला हे शोभेल. पहिल्या फेऱ्यात "इन टू" ठेवून बघा, सोलो सुरू होताना गाडी रुळावर येते तसं वाटतं.

पियानोवाली, पुणे

काल रात्री अडीचपर्यंत बसून दोन्ही चाली नव्याने लिहिल्या आणि आज तालीम झाली.

पहिली ४/४, वर "मीडियम स्विंग", पहिला फेरा "इन टू". ट्रंपेटचा पार्ट चार पानांवरून दोनवर आला, दोन्ही पानं शेजारी शेजारी चिकटवून दिली. पहिल्याच वाचनात शेवटपर्यंत गेलो. तिहाईची ती जागा आली तेव्हा ड्रमर हसला आणि हाय-हॅट दोन-चारवर घट्ट धरून बसला. समेवर सगळे एकत्र पडलो तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. दुसरी चाल ६/४ मध्ये १२ बार, मधे तुटक रेघ. आल्टोवाल्याने सलग चार फेरे घेतले आणि एकदाही हरवला नाही.

दोन गोष्टी राहिल्यात. पहिल्या चालीत एकोणिसाव्या आणि विसाव्या बारात चौघेजण मात्रेचे तिन्ही तुकडे एकसुरात वाजवतात. फक्त त्या दोन बारांपुरतं १२/८ करू का? आणि शेवटच्या सोलोत दुप्पट वेगाचा भास हवाय, पण कॉर्ड आहेत तितकेच लांब राहावेत. तिथे लय २७६ लिहू का?

वसईचा ट्रंपेट

वाचून खूप बरं वाटलं, ताई.

एकोणीस-विसाला सिग्नेचर बदलू नका. दोन बारांसाठी डोळ्याला दोनदा धक्का बसतो, एकदा जाताना, एकदा येताना. ४/४ मध्येच ३ चे आठ कंस काढा. कंस पहिल्या बारात काढून पुढे "तसंच" असंही काही जण लिहितात, पण तालीम कमी असेल तर आठही काढा.

दुसऱ्याला २७६ लिहू नका. २७६ लिहिलं की बार निम्म्या वेळात संपतात आणि कॉर्डही दुप्पट वेगाने पळतात. त्याला "डबल टाइम" म्हणतात. तुम्हाला हवाय "डबल-टाइम फील". लय १३८ च, बार तेवढेच, कॉर्ड तेवढेच लांब, फक्त ड्रम आणि बास आत दुप्पट चालतात. तो "फील" शब्द न विसरता लिहा. एका कार्यक्रमात माझ्या हातून तो राहून गेला होता, आणि अर्धा बँड मधल्या भागात पोहोचला तेव्हा उरलेला अर्धा अजून पहिल्या भागात होता. फील संपतो तिथे "पूर्ववत" असंही लिहा, आणि ते ड्रमच्या पार्टमध्ये दोन बार आधीपासून दिसू द्या.

आणि टेनरचा पार्ट एकदा तपासा. त्याचं पान ट्रंपेटच्या सोलोत उलटायला हवं, तेव्हा त्याचे हात मोकळे असतात.